भुकटीचे बळ

कुर्ला आणि लगतची धारावी या पट्ट्यात मुंबईचे टाकाऊ प्लास्टिक येते, निवडले जाते आणि तुकडे होऊन पुन्हा कारखान्यांकडे जाते. या निवडीचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पाण्याने भरलेले पिंप. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या सुमारे ०.९ पट, म्हणून ते तरंगते; बाटल्यांच्या पेटची १.३८ पट, म्हणून ते तळ गाठते. पण मोटारीच्या डॅशबोर्डचा तुकडा पॉलिप्रॉपिलीनचा असूनही बुडू शकतो. कारण त्याच्या पोटात दगडाची भुकटी असते.

कुर्ल्यातच प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ‘पद्मिनी’चे बंपर चकाकत्या धातूचे होते. आजच्या मोटारींचे बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. नुसते पॉलिप्रॉपिलीन तापले की लवते, कारण त्याचे लांबलचक रेणू एकमेकांवरून सरकतात. त्यात संगजिरे, म्हणजेच टाल्क, मिसळले की त्याच्या ताठ चकत्या हे सरकणे रोखतात आणि भाराचा वाटा उचलतात. वस्तू अधिक ताठ होते, उष्णतेतही आकार धरून ठेवते.

भुकटी जितकी बारीक, तितका तिचा प्लास्टिकशी संपर्क जास्त. कणाचा व्यास दहापट कमी केला, तर तेवढ्याच वजनात कण हजारपट होतात आणि एकूण पृष्ठभाग दहापट. पण बारीक कण एकमेकांना चिकटतात. पिठल्यात बेसनाच्या गुठळ्या व्हाव्यात तसे ते गोळा होतात, आणि प्रत्येक गुठळी म्हणजे तडा सुरू होण्याची जागा. म्हणून कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांवर स्टिअरिक आम्लाचा पातळ थर देतात. त्याने ते तेलकट स्वभावाच्या प्लास्टिकशी जुळतात. मग दोन मळसूत्रांच्या यंत्रात वितळलेल्या प्लास्टिकबरोबर त्यांना रगडले जाते. १९८०च्या दशकात टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉनमध्ये मातीचे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे सुटे करून पसरवले, तेव्हा थोड्याशा मातीनेही मोठा फरक पडतो हे दिसले.

या बळाची किंमत पिंपापाशी मोजावी लागते. टाल्कची घनता पाण्याच्या सुमारे पावणेतीन पट. वजनाने १० टक्के टाल्क असलेले पॉलिप्रॉपिलीन तरंगते, २० टक्क्यांचे बुडते. त्याची घनता तेव्हा सुमारे १.०५ होते, आणि एबीएस या वेगळ्याच प्लास्टिकची घनताही जवळजवळ तेवढीच! पाण्यात मीठ कितीही घाला, दोघे वेगळे होत नाहीत. एकत्र वितळवले, तर ते एकजीव होत नाहीत आणि नवी वस्तू ठिसूळ निघते. मग उरतो जुना उपाय: तुकडा पेटवून धुराचा वास घ्यायचा. पॉलिप्रॉपिलीन मेणबत्तीसारखे दरवळते, एबीएस काळा, काजळीचा धूर सोडते. तो धूर निवडणाऱ्याच्या छातीत जातो.

खरे तर उत्तर अनेकदा वस्तूच्या पाठीवरच कोरलेले असते. मोटारीच्या सुट्या भागांच्या मागे रोमन लिपीत ‘पीपी-टीडी२०’ असे अक्षर-अंक आढळतात: पॉलिप्रॉपिलीन, त्यात २० टक्के टाल्कची भुकटी. भाग अखंड असताना ते वाचता येतात. तुकडे झाल्यावर नाही. म्हणून निवड दळण्याच्या आधी व्हायला हवी, आणि ही अक्षरे ओळखण्याचे ज्ञान धुराचा वास घेणाऱ्या हातांपर्यंत पोचायला हवे.