घरच्या कुत्र्याचा हृदयविकार व आपलें कर्तव्य

शाळा सुटून घराच्या वळणावर पोहोंचतांच जो कुत्रा धांवत सामोरा येत असे, तो एके दिवशीं अर्ध्या वाटेवरच थांबतो, धापा टाकीत खालीं बसतो, आणि शेपूट मात्र पूर्वीसारखेंच हालवीत राहतो. घरांतील मंडळी म्हणतात, "आतां तो म्हातारा झाला." कांहीं दिवसांनीं रात्रीं खोकला सुरू होतो. मग कोणी तरी त्यास गुरांच्या डॉक्टरकडे नेतो. डॉक्टर छातीस नळी लावून बराच वेळ ऐकतात आणि "ह्याच्या हृदयांत विकार आहे," असें सांगतात.

हे शब्द ऐकून घरांत बहुधा दोन मतें होतात. वडील माणसांस वाटतें कीं, आतां उपाय खुंटला, सबब खर्च करणें व्यर्थ. मुलांस वाटतें कीं, बिचारा थोड्या दिवसांचा सोबती आहे, तर त्यास आवडेल तें सर्व खाऊं घालावें. ह्या दोन्ही समजुती प्रेमांतून किंवा काळजींतून निघालेल्या असल्या, तरी दोन्ही चुकीच्या आहेत. हृदयविकार म्हणजे उद्यांचें मरण नव्हे. आणि लाड म्हणजे शुश्रूषा नव्हे. तो विकार काय आहे, व घरीं बसून आपणांस काय करितां येतें, हें विद्यार्थी व पालक ह्यांस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आपल्या डहाणू व तलासरी तालुक्यांत कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी नव्हे. चिकूच्या वाडीची, पाड्यावरील कोंबड्यांची, किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीची राखण तोच करितो. वारली चित्रांतही मनुष्याच्या मागोमाग चालणारा कुत्रा आपण पाहतों. ज्यानें आपल्या घराची इतकीं वर्षें राखण केली, त्याच्या आजारांत त्याची राखण कोणीं करावयाची, हा प्रश्न म्हणून आपल्या घरचाच आहे.

प्रथम हृदयाची रचना पाहूं. मनुष्याप्रमाणेंच कुत्र्याच्या हृदयाचे चार कप्पे असतात. वरचे दोन रक्त घेणारे, खालचे दोन रक्त ढकलणारे. उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठविते. डावी बाजू फुप्फुसांतून आलेलें शुद्ध रक्त सर्व शरीरास पुरविते. कप्प्यांच्या दारांशीं झडपा असतात. त्या रक्तास पुढें जाऊं देतात, पण मागें फिरूं देत नाहींत. वाडीच्या विहिरीवरील पंप ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हें सहज समजेल. पंपाच्या नळाच्या तळाशीं असलेली झडप झिजली, म्हणजे वर चढलेलें पाणी पुन्हां विहिरींत उतरतें. पंप चालतो, आवाज होतो, परंतु वाडीस पाणी पुरेसें पोहोंचत नाहीं.

कुत्र्यांचा सर्वांत सामान्य हृदयविकार नेमका हाच आहे. वयाबरोबर डाव्या बाजूची झडप जाड व वेडीवांकडी होते आणि नीट मिटत नाहीं. प्रत्येक ठोक्याबरोबर थोडें रक्त मागें फिरतें. तें सामावून घेण्यासाठीं वरचा कप्पा हळूहळू फुगतो आणि शेवटीं रक्ताचा दाब मागें फुप्फुसांपर्यंत पोहोंचतो. मग रक्तांतील पाणी फुप्फुसांत झिरपूं लागतें, आणि कुत्र्यास श्वास पुरेनासा होतो. लहान चणीच्या वयस्क कुत्र्यांत हा विकार विशेष आढळतो. डॉबरमनसारख्या मोठ्या जातींत झडपेपेक्षां हृदयाचा स्नायूच सैल व दुर्बळ होतो. उजवी बाजू थकली, म्हणजे पोटांत पाणी सांठतें. कित्येक पिलांच्या हृदयांत जन्मतःच दोष असतो. शिवाय डासांच्या चाव्यानें शरीरांत शिरून हृदयांत व फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढणारा एक लांब कृमि आहे. आपल्या देशांत तो ईशान्य भागांत विशेषेंकरून आढळला आहे. कारण निराळें, तसा उपाय निराळा. म्हणून परीक्षेवांचून औषध देणें केव्हांही योग्य नव्हे.

परीक्षा कशी होते? सन १८१६ मध्यें लेनेक ह्या फ्रेंच वैद्यानें कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीचा आवाज ऐकला, आणि तिच्यापासून पुढें आजची नळी झाली. झडपेंतून मागें फिरणाऱ्या रक्ताचा फुसफुस असा आवाज ह्या नळीनें ऐकूं येतो. क्ष-किरणांच्या छायाचित्रावरून हृदय किती वाढलें व फुप्फुसांत पाणी आहे कीं काय, हें कळतें. ध्वनिलहरींच्या यंत्रानें, म्हणजे सोनोग्राफीनें, झडपेची हालचाल प्रत्यक्ष पाहतां येते. ठोक्यांची लय बिघडली असल्यास हृदयाचा विद्युदालेख काढितात.

ह्या विद्युदालेखाच्या इतिहासांत एका कुत्र्याचें नांव अमर झालें आहे. लंडन येथील शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर ह्यांनीं सन १८८७ मध्यें मनुष्याच्या हृदयांतील विजेचा आलेख शरीराच्या बाहेरूनच काढून दाखविला. पुढें ते हा प्रयोग आपल्या जिमी नांवाच्या बुलडॉग कुत्र्यावर करून दाखवीत. जिमीचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवीत आणि त्या भांड्यांस तारा जोडीत. सन १९०९ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटांत एका सभासदानें विचारलें कीं, हा प्राण्यांचा छळ नव्हे काय? तेव्हां गृहमंत्र्यांनीं उत्तर दिलें तें अशा अर्थाचें होतें कीं, समुद्राच्या पाण्यांत पाय बुडवून चालण्याचें सुख ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्या प्रयोगांत क्रूरता दिसणार नाहीं. डहाणूच्या वाळूवर अनवाणी चाललेल्या आपल्या विद्यार्थ्यांस हें उत्तर पटावें. आजही ही परीक्षा कुत्र्यास दुखवीत नाहीं. म्हणून तिचें भय बाळगूं नये.

येथें पालकांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. हृदयांत फुसफुस ऐकूं येणें निराळें, आणि हृदय थकून फुप्फुसांत पाणी येणें निराळें. पहिल्या अवस्थेंत कित्येक कुत्रीं वर्षानुवर्षें सुखानें राहतात. कित्येकांस दुसरी अवस्था कधीं येतही नाहीं. सन २०१६ मध्यें ३६० कुत्र्यांवर केलेल्या एका मोठ्या परीक्षणाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झडपेच्या विकारानें हृदय वाढलेलें आहे, परंतु दम लागूं लागलेला नाहीं, अशा कुत्र्यांस पिमोबेंडन हें औषध आधींच सुरू केलें असतां, पुढची अवस्था सुमारें पंधरा महिने लांबली. कुत्र्याच्या अल्प आयुष्यांत पंधरा महिने हा लहान काळ नव्हे. म्हणून "म्हातारा झाला" असें म्हणून स्वस्थ न बसतां वेळींच परीक्षा करवावी. तसेंच प्रत्येक खोकला हृदयाचा नसतो; श्वासनलिकेच्या व फुप्फुसांच्या दुसऱ्या रोगांतही तो येतो, आणि हा भेद डॉक्टरांनींच करावयाचा असतो.

आतां आपली स्थानिक अडचण पाहूं. तालुक्याच्या ठिकाणीं सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो आणि प्रथम तेथेंच जावें. परंतु हृदयाच्या सूक्ष्म परीक्षेसाठीं पुष्कळदां मोठें शहर गांठावें लागतें. मुंबईस परळ येथें सन १८८६ मध्यें स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच आवारांत दिनशॉ पेटिट ह्यांच्या दातृत्वानें उभें राहिलेलें बाई साकरबाई पशुरुग्णालय आहे. पण डहाणूहून मुंबई सुमारें सव्वाशें किलोमीटर दूर. तलासरीच्या आंतल्या पाड्यावरून तर हमरस्ता गांठणें हेंच एक काम. रोज कोणी परळास जाऊं शकत नाहीं. म्हणून दोन भेटींच्या मधल्या काळांत रोग्यावर नजर ठेवणारा पहारेकरी घरींच पाहिजे. आणि तें काम विद्यार्थ्यांस उत्तम करितां येतें.

तें काम म्हणजे झोंपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजणें. कुत्रा शांत झोंपला असतां, त्यास न उठवितां, जवळ बसावें. छाती एकदां वर येऊन खालीं गेली, म्हणजे एक श्वास धरावा. घड्याळ लावून पुरें एक मिनिट मोजावें. खेळून आल्यावर, उन्हांत, किंवा स्वप्नांत पाय हालवीत असतां मोजूं नये. तो आंकडा खरा नसतो. झोंपेंतील आंकडा बहुधा मिनिटास ३० हून कमी असतो. एका वहींत तारीख, वेळ व आंकडा रोज लिहून ठेवावा. आपल्या कुत्र्याचा नेहमींचा आंकडा २० असून तो २४, २८, ३२ असा चढूं लागला, तर खोकला वाढण्यापूर्वींच ती वही आपणांस सांगते कीं, फुप्फुसांत पाणी सांठूं लागलें असावें. आंकडा ३० हून वर राहूं लागल्यास डॉक्टरांस त्याच दिवशीं कळवावें. कुत्रा मान पुढें ताणून, कोपरें बाहेर काढून श्वास घेऊं लागला, किंवा हिरड्या निळसर अथवा पांढुरक्या दिसल्या, तर रात्र असली तरी थांबूं नये. अशा वेळीं त्यास उताणें निजवूं नये, बळेंच पाणी पाजूं नये, भोंवतीं गर्दी करूं नये. गार, मोकळ्या हवेंत ठेवून तसेंच डॉक्टरांकडे न्यावें.

औषधांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. फुप्फुसांतील पाणी काढण्यासाठीं फ्युरोसेमाइड देतात. त्यानें लघवी वाढते व तहान लागते. कित्येक घरीं ओसरी घाण होते म्हणून कुत्र्याचें पाणी बंद करितात. हें अत्यंत घातक आहे, कारण त्यानें मूत्रपिंडें बिघडतात. पाणी सदैव भरून ठेवावें, आणि त्यास बाहेर अधिक वेळां न्यावें. पिमोबेंडन हृदयास जोर देतें व रक्तवाहिन्या सैल करितें. तें जेवणापूर्वीं सुमारें एक तास द्यावें. एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन हीं औषधेंही जरुरीप्रमाणें दिलीं जातात. प्रमाण डॉक्टरांनीं ठरवावें, आपण नव्हे. बरें वाटूं लागलें म्हणून औषध बंद करूं नये. बरें वाटतें तें औषधामुळेंच. घरांतील माणसांची अंगदुखीची गोळी तर कधींच देऊं नये. मधूनमधून रक्त तपासून मूत्रपिंडांची स्थिति पाहवावी.

अन्नाच्या बाबतींत आपल्या किनाऱ्यावर एक विशेष धोका आहे. खारवलेली मासळी, पापड, लोणचें, फरसाण, हे पदार्थ उरले कीं कुत्र्यापुढें टाकण्याची आपली रीत आहे. मीठ शरीरांत पाणी धरून ठेवितें, आणि तेंच पाणी पुढें फुप्फुसांत उतरतें. म्हणजे एका हातानें औषध देऊन पाणी काढावयाचें, आणि दुसऱ्या हातानें खारी मासळी घालून तें परत आणावयाचें, असा हा व्यवहार होतो. भात, अंडें, ताजी मासळी किंवा मांस, घरच्या भांड्यांत मीठ पडण्यापूर्वींच त्याच्यासाठीं वेगळें काढावें. कांटे काढून टाकावे. परंतु उपाशीही ठेवूं नये. ह्या रोगांत अंगावरील मांस झडतें, म्हणून दर पंधरवड्यास वजन करून तेंही वहींत लिहावें.

वैशाख-ज्येष्ठांतील आपल्या किनाऱ्याचा दमट उकाडा निरोगी कुत्र्यासही सोसत नाहीं. रोग्यास पहांटे किंवा सूर्यास्तानंतर, त्याच्या चालीनें, थोडेंसें फिरवावें. तो थांबला कीं आपणही थांबावें. पत्र्याच्या पडवींत बांधूं नये. गळ्याच्या पट्ट्यानें खोकला वाढतो, यास्तव छातीभोंवतीं बसणारा पट्टा वापरावा. दिवाळींत फटाक्यांच्या आवाजानें तो घाबरतो. तेव्हां त्यास आंतल्या खोलींत, ओळखीच्या माणसाजवळ ठेवावें.

इतकें सर्व केलें, तरी हा विकार समूळ बरा होत नाहीं, हेंही मुलांपासून लपवूं नये. औषधांनीं दिवस वाढतात, आणि वाढलेले दिवस सुखाचे जातात. पण एक वेळ अशी येते कीं, तो खात नाहीं, निजूं शकत नाहीं, आणि प्रत्येक श्वास त्यास कष्टाचा होतो. तेव्हां त्यास वेदनारहित निरोप द्यावा कीं नाहीं, हा विचार डॉक्टरांबरोबर बसून वडील मंडळींनीं करावा, आणि मुलांस खरें तें सांगावें. ज्या मुलानें वहींत रोज आंकडे लिहिले असतील, त्यास तें सत्य इतरांहून आधीं कळलेलें असेल. आणि आपण आपल्याकडून कांहीं कमी केलें नाहीं, हें समाधानही त्याच्यापाशीं असेल.

मुक्या प्राण्यास आपलें दुःख सांगतां येत नाहीं. त्याचें बोलणें श्वासांत आहे, आणि तें ऐकण्यास लागतें तें एक घड्याळ, एक वही आणि रोजचें एक मिनिट. एवढें तर आपल्या प्रत्येक घरीं आहे.