जोडीतला दुसरा डबा

जुन्या त्रिमिती सिनेमाची रिळं जोडीनं येत. एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या. माणसाच्या डोळ्यांत जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, पण तेवढ्यानं दोघांना जग थोडं वेगळं दिसतं आणि मेंदू त्या फरकातून खोली उभी करतो. जोडीतलं एक रीळ गेलं की खोलीही गेली.

अमेरिकेत बॉब फर्मानेक यांच्या 'थ्री-डी फिल्म अर्काइव्ह'नं अशा विखुरलेल्या जोड्या जमवल्या. २०१५ साली त्यांनी दुर्मीळ लघुपटांचा संग्रह काढला, त्यात १९२२ मधलं वॉशिंग्टन शहराचं चित्रणही आहे. अशा जोड्या दुरुस्त करण्याचं काम किती चिकाटीचं! सपाट चित्रपटावरचा धुळीचा ठिपका डोळा माफ करतो. त्रिमितीत तोच ठिपका एकाच डोळ्याला दिसतो आणि पडद्यापुढे हवेत लुकलुकत राहतो. डाव्या रिळाच्या चार फ्रेम तुटल्या, तर तिथं चार काळ्या फ्रेम भराव्या लागतात, नाहीतर दोन्ही डोळे वेगवेगळे क्षण पाहू लागतात. दिलासा एवढाच, की एका डोळ्याच्या चित्रावरचा ओरखडा दुसऱ्याच्या आधारानं बुजवता येतो.

फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसची गोष्ट तर विलक्षण आहे. १९०३ च्या सुमारास अमेरिकेसाठी वेगळी निगेटिव्ह हवी म्हणून तो दोन कॅमेरे शेजारी ठेवून चित्रण करी. त्रिमिती त्याच्या मनातही नव्हती. शंभर वर्षांनी पॅरिसच्या 'लॉबस्टर फिल्म्स'नं दोन्ही प्रती जुळवल्या आणि चित्रांना खोली आली.

आपल्याकडे त्रिमिती सिनेमा का रुजला नाही? सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतला सिनेमाचा तंबू आठवा. पडदा पांढऱ्या कापडाचा. पोलराइज्ड चष्म्याच्या त्रिमितीला चंदेरी लेपाचा पडदा लागतो. कापडावर प्रकाशाच्या कंपनाची दिशा विस्कटते आणि दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. १९८५ चा हिंदी त्रिमिती चित्रपट 'शिवा का इन्साफ' तंबूत उलगडलाच नसता. मराठीला पहिला त्रिमिती चित्रपट, 'झपाटलेला २', मिळाला तो २०१३ साली.

पण सातारा-सांगलीनं सिनेमा नुसता पाहिला नाही. मास्टर दीनानाथांच्या बलवंत पिक्चर्सनं सांगलीतून १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर दिग्दर्शक होते. अशा मुलखातल्या माळ्यांवर काय पडलं असेल, याची चौकशी व्हायलाच हवी. रिळं चांदीसाठी वितळवण्याची आपली सवय फार महागात पडली आहे.

म्हणून कराड, वाई, मिरज, विट्याच्या वाचकांना कळकळीची विनंती. जुने डबे सापडले तर फिल्म प्रोजेक्टरवर चढवू नका. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो डबा इतरांपासून वेगळा ठेवा. १९५० पूर्वीची फिल्म नायट्रेटची असू शकते, ती चटकन पेटते. विस्तवापासून लांब, थंड जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आणि दोन डब्यांत एकच चित्रपट दिसला, तर जादा प्रत समजून एक भंगारात देऊ नका. तो दुसरा डोळा असू शकतो.