खानदेशातील स्त्रीनामांत ‘बेबी’ : अर्थ, वापर आणि नोंद

प्रस्तावना

व्यक्तीचे नाव ही तिची सामाजिक ओळख असते. पाळण्यात ठेवलेले नाव, घरात हाक मारण्याचे नाव आणि कागदावरील नाव ही तिन्ही एकच असतील असे नाही. विशेषतः स्त्रीच्या बाबतीत ती अनेकदा वेगवेगळी असतात. चाळीसगाव, पाचोरा, धुळे या भागात ‘बेबी’, ‘बेबीबाई’, ‘बेबाबाई’ ही नावे वयस्क स्त्रियांत सहज आढळतात. मूळचे हे इंग्रजी लाडके संबोधन खानदेशात पूर्ण नाव कसे बनले आणि त्याचा स्त्रीच्या कागदोपत्री ओळखीशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ अर्थ

इंग्रजीत ‘बेबी’ म्हणजे तान्हे मूल. ‘बेब’ या शब्दाला लघुत्वदर्शक ‘ई’ प्रत्यय लागून तो तयार झाला. ‘जॉन’चे ‘जॉनी’ किंवा ‘एलिझाबेथ’चे ‘बेटी’ होते, तेथेही हाच प्रत्यय दिसतो. हा शब्द मुलगा व मुलगी या दोघांनाही लागू पडतो. पुढे घरातील धाकटे अपत्य आणि प्रिय स्त्री यांच्यासाठीही तो संबोधन म्हणून रूढ झाला. मात्र इंग्रजी भाषक समाजात तो प्रामुख्याने हाकेचाच शब्द राहिला; जन्मनोंदीतील नाव म्हणून त्याचा वापर विरळाच.

स्त्रीला बालवाचक शब्दाने हाक मारणे भारतीय परंपरेला नवे नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात ‘बाले’ असे संबोधन येते. या ग्रंथाचा चाळीसगाव तालुक्याशी निकटचा संबंध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद पाटण येथील इ. स. 1207 च्या शिलालेखात आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, ही कथा मात्र दंतकथाच मानली जाते.

मराठीतील रूपांतर

मराठीत आल्यावर या शब्दात तीन बदल झाले. पहिला बदल लिंगाचा. ‘मुलगी’, ‘काकी’, ‘मामी’ यांप्रमाणे ईकारान्त असल्याने ‘बेबी’ हे नाव मराठी कानाला स्त्रीलिंगी वाटले. मुलासाठी ‘बाळ’, ‘बाबू’, ‘बबन’ अशी नावे होतीच. चित्रपटांच्या श्रेयनामावलीने हा भेद अधिक पक्का केला. बालकलाकार मुलगा असल्यास ‘मास्टर’ आणि मुलगी असल्यास ‘बेबी’ असे लिहिण्याची पद्धत होती. ‘रामशास्त्री’ (1944) या प्रभातच्या चित्रपटात बालभूमिका करणाऱ्या अभिनेत्री मोठेपणीही ‘बेबी शकुंतला’ याच नावाने ओळखल्या गेल्या.

दुसरा बदल आदरार्थाचा. मराठीत ईकारान्त लघुरूप (सुमी, चंद्री) लाडाचे असले तरी परक्याने उच्चारल्यास ते अनादराचे ठरते. म्हणून वयाबरोबर त्याला ‘ताई’, ‘मावशी’, ‘आत्या’, ‘बाई’ हे शब्द जोडले जातात. ‘बेबीबाई’ या नावात मूल आणि प्रौढ स्त्री एकत्र नांदतात. पण वापरणाऱ्यास त्यात विसंगती जाणवत नाही. तेथे ‘बेबी’ या शब्दाचा मूळ अर्थ लोपलेला असतो आणि केवळ नाव उरलेले असते. असोदे येथे जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्या नावातही ‘बहीण’ या नातेवाचक शब्दाला ‘बाई’ जोडूनच विशेषनाम झाले आहे.

तिसरा बदल उच्चाराचा. ‘बेबाबाई’ या रूपात अंत्य ‘ई’चा ‘आ’ झाला आणि ‘शोभा’, ‘लता’ या आकारान्त स्त्रीनामांच्या पंक्तीत हा शब्द बसला. येथे त्याचे परकेपण जवळजवळ संपते.

हाकेचे नाव आणि कागदावरील नाव

हाकेचे नावच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आल्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘जिणं आमुचं’ (1986) या आत्मकथनाच्या लेखिका बेबी कांबळे. तेथे हे नाव एका समर्थ लेखिकेची ओळख बनले. परंतु सामान्य स्त्रीच्या वाट्याला अनेकदा अडचण येते. समजा, एखाद्या मुलीचे पाळण्यातील नाव सुनंदा आहे. पण शाळेत घालताना घरच्यांनी सवयीने ‘बेबी’ सांगितले. लग्नात ताटातील तांदळावर तिसरेच नाव लिहिले गेले. शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका आणि सातबारा यांवर मग तीन वेगळ्या स्त्रिया दिसतात.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. तो हक्क मागताना मात्र ‘बेबी’ व ‘सुनंदा’ एकच असल्याचे सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच पडतो. ‘उर्फ’ हा छोटा शब्द, प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नावबदल हे त्यावरील उपाय आहेत. त्यासाठी लागणारा वेळ व खर्च प्रत्येकीला परवडतोच असे नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 14 नुसार नावाविना झालेल्या जन्मनोंदीत नंतर नाव घालता येते. जन्मदाखल्याचे महत्त्व 2023 च्या दुरुस्तीने आणखी वाढले आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांत तोच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरतो. त्यामुळे ‘नाव नंतर घालू’ ही सवय पुढे महागात पडू शकते.

निष्कर्ष

‘बेबी’ या शब्दाचा प्रवास तान्ह्या मुलापासून खानदेशातील आजीपर्यंत झाला आहे. भाषेने त्याला लिंग, आदर आणि उच्चार देऊन आपलेसे केले, म्हणून ‘बेबाबाई’ हे नाव हास्यास्पद वा अशुद्ध मानण्याचे कारण नाही. दोष नावात नसून नोंदीतील निष्काळजीपणात आहे. मुलाचे नाव विचारपूर्वक नोंदवले जाते. तीच काळजी मुलीच्या नावाबाबत घेतली, तर घरातील हाक लाडाची राहील आणि तिचा हक्कही अबाधित राहील.