वजाबाकीची जत्रा

सिन्नरच्या बसस्थानकाबाहेर दहा मिनिटे नुसते उभे राहिले तरी गणिताच्या स्पर्धेला लागणारा कच्चा माल समोरून जात असतो. औद्योगिक वसाहतीकडे वळणारे ट्रक, कांद्याची पिकअप, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या मोटारी. एमएच १५, मग अक्षरे, आणि शेवटी चार आकडे.

त्यातले कुठलेही चार घ्या. चारही सारखे नकोत, एवढीच अट. आधी ते उतरत्या क्रमाने लिहा, खाली चढत्या क्रमाने, आणि वजा करा. जे उत्तर येईल त्याचेही तसेच करा. समजा, गाडी ३५२४. ५४३२ मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ काही हलत नाही. दुसरी गाडी घ्या, तिसरी घ्या. फार तर सात वजाबाक्यांत प्रत्येक गाडी याच मुक्कामाला येते. मध्ये तीनच आकडे उरले तर पुढे शून्य धरायचे, तेवढे विसरू नये.

हा मुक्काम शोधणारा माणूस इथून फार लांबचा नाही. मोहदरीचा घाट उतरला की शिंदे, पळसे, नाशिक रोड, आणि तिथून डावीकडे देवळाली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत तिथे शाळामास्तर होते. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. विद्यापीठातली नोकरी मात्र कधी मिळाली नाही. दिवसभर शाळा, उरलेल्या वेळात आकडे. ६१७४ चा शोध त्यांनी १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. इथल्या पुष्कळ विद्वानांना ते पोरखेळ वाटले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

पोरखेळ म्हणणाऱ्यांचे अगदीच चुकले होते असे मला वाटत नाही. चौथीतल्या पोराला, हातच्याची वजाबाकी येत असेल तर, या प्रश्नाच्या आत शिरता येते. शिकवणी लागत नाही, सूत्र लागत नाही, इंग्रजी लागत नाही. आणि शिरल्यावर 'असे का होते?' हा प्रश्न एम.एस्सी. झालेल्यालाही तासभर बसवून ठेवतो. तालुक्याच्या स्पर्धेला असा प्रश्न हवा. आपल्याकडे तोच मिळत नाही.

बाकी सगळे मिळते. सतरंज्या, माइक, प्रमाणपत्रे, उद्घाटनाला पाहुणे, पाहुण्यांना श्रीफळ. केंद्रप्रमुखांना सांगितले की शाळाशाळांतून मुलेही येतात. प्रश्नपत्रिका मात्र आदल्या रात्री कुठल्या तरी गाईडमधून उतरते. मी एकदा अशाच एका स्पर्धेला परीक्षक होतो. प्रश्न होता, '२, ४, ८, पुढची संख्या कोणती?' उत्तरसूचीत १६. एका मुलीने १४ लिहिले आणि शेजारी बारीक अक्षरात कारणही दिले: आधी दोनने वाढली, मग चारने, आता सहाने. तिला शून्य द्यावे लागले, कारण 'सूचीप्रमाणे' तपासायचे होते. देणारा मीच होतो. ती खोली, तो लाल पेन आणि ते १४ मला अजून आठवतात.

दोष एकट्या गाईडचा नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात दीड तासात ७५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. इतक्या वेळात विचार होत नाही, सराव होतो. ती परीक्षा आपल्या जागी असू दे. पण तालुक्यात आपल्या हौसेने स्पर्धा भरवायची आणि तीही त्याच साच्यात ओतायची, हे मला समजत नाही. महाराष्ट्रात वेगळे काम करणारे आहेत. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान पाचवी-सहावीच्या मुलांसाठी गणितप्रज्ञा शोधणारी स्पर्धा घेते. गणित अध्यापक मंडळांच्या संबोध आणि प्रावीण्य परीक्षा गावोगावच्या शाळांतून होतात. वरच्या टोकाला ऑलिंपियाड आहे: आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन दिवस, रोज साडेचार तास आणि तीनच प्रश्न. १९९६ साली ती मुंबईत झाली होती.

ही तीन प्रश्नांची पद्धत जुनी आहे. हंगेरीत १८९४ साली शाळा संपवलेल्या मुलांसाठी पहिली मोठी गणितस्पर्धा सुरू झाली. प्रश्न तीन, आणि पुस्तके जवळ ठेवायला मोकळीक. त्याच वर्षी दानिएल आरान्य नावाच्या शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. अंकात प्रश्न द्यायचे, मुलांनी उत्तरे टपालाने पाठवायची, चांगली उत्तरे पुढे नावासकट छापायची. ते मासिक निघाले ग्योर या गावातून, राजधानी बुडापेस्टमधून नव्हे. पुढे जगाला गणिती पुरवणारा देश म्हणून हंगेरीचे नाव झाले त्यात या मासिकाचा वाटा मोठा. सुरुवात मात्र जिल्ह्याच्या गावातल्या एका मास्तराची.

गणितासाठी असे झटणे आपल्याकडेही अगदी नवे नाही. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी, सेऊणचंद्राने वसवलेली, देवगिरी नंतरची. याच यादवांच्या दरबारी भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर होता आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. (ज्ञानेश्वरांच्या गोष्टीत वाघावर बसून येतो तो हा चांगदेव नव्हे.) या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी, देणग्यांचा हिशोब आला तशी भाषा मराठी होते. बाजारातल्या देवघेवीतून आणि तेलाच्या घाण्यावरून मठाला काय मिळावे ते तिथे लिहिले आहे. म्हणजे गणितासाठी पेठेतून वर्गणी काढायची रीत आठशे वर्षांची झाली. कंपासपेट्या बक्षीस म्हणून मागायला स्टेशनरीच्या दुकानात जाताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

तारीख कोणती धरावी? सगळीकडे २२ डिसेंबर, रामानुजन यांची जयंती. २०१२ पासून तो राष्ट्रीय गणित दिवस आहे. पण डिसेंबरात इकडे लाल कांद्याची काढणी चालू असते, घरातला प्रत्येक हात शेतात लागतो आणि पटावरची मुले वर्गात दिसत नाहीत. नाशिक जिल्ह्याने १७ जानेवारी धरावी असे माझे मत. घरचा माणूस, आणि नुकतीच संक्रांत झालेली.

स्पर्धेला जत्रा जोडली की मुलांची भीती निम्मी होते. जत्रेतला पहिला मान मी उजळणीला देईन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे आज शिक्षकांनाही सांगावे लागते. गावातली सत्तरीची माणसे खुर्चीवर बसवायची, समोर कॅल्क्युलेटर घेतलेला नववीचा मुलगा, आणि विचारायचे, अठरा रुपये भावाने अडीच किलोचे किती? पोराचे बोट बटणावर पोचेपर्यंत पंचेचाळीस ऐकू येतात. सिन्नर विड्यांचे गाव. मजुरी हजारावर, कट्टा पंचवीसचा, हजाराचे चाळीस कट्टे. विडीचे उदाहरण आता कोणी प्रश्नपत्रिकेत घालणार नाही, घालूही नये. पण सुपासमोर बसून वर्षानुवर्षे पंचवीस-पंचवीस मोजलेल्या आजीला उजळणीच्या खुर्चीवर बसवायला काय हरकत आहे?

दुसरे दुकान वयाचे. कापरेकरांनी काही संख्यांना स्वयंभू म्हटले. कुठल्याही संख्येत तिचेच अंक मिळवले की नवी संख्या जन्मते: १२ मध्ये १ आणि २ मिळवले की १५. अशी आई जिला सापडत नाही ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, मग थेट २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. पाचवी ते दहावीतले कुणीच यात बसत नाही, एखादे गुरुजी बसतात, पंचाहत्तरीचे आजोबा तर नक्की. मुले घरी जाऊन सगळ्यांची वये विचारतात.

पाळणा हवाच. दोन अंकी संख्येवर तीच उलटसुलट वजाबाकी करा: ९० वजा ०९, ८१. मग ६३, २७, ४५, आणि पुन्हा ९. थांबत नाही, गोल फिरते. पुठ्ठ्याच्या चाकावर हे पाच आकडे लावले की झाला पाळणा. तीन अंकी संख्या मात्र ४९५ वर बसते.

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या आवारात मुलांना तासभर सोडावे. मधले मोठे मंदिर, चार कोपऱ्यांना चार लहान, शिखरावर वर चढत लहान होत जाणाऱ्या शिखराच्याच प्रतिकृती. सममिती हा शब्द तिथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि मैदानाच्या मध्यभागी ६१७४. इथे रेंगाळायलाच हवे, कारण एका वर्गाच्या मुलांकडून अख्खी सिद्धता अंगणात उभी करता येते. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले की दोनच गोष्टी पाहायच्या: पहिल्या-चौथ्यातला फरक, त्याला बाहेरचा म्हणू, आणि मधल्या दोघांतला, तो आतला. वजाबाकीचे उत्तर म्हणजे बाहेरचा फरक गुणिले ९९९, अधिक आतला फरक गुणिले ९०. बाकी अंक काय होते याच्याशी त्याला देणेघेणे नाही. बाहेरचा फरक १ ते ९, आतला शून्यापासून बाहेरच्याइतका. जोड्या मोजा: दोन, तीन, चार, असे दहापर्यंत. बेरीज ५४. दहा हजारांच्या आतले सगळे आकडे चोपन्न मुलांत मावले. आपल्याकडे एका वर्गात तितकी मुले मिळायला अडचण पडत नाही.

प्रत्येकाच्या गळ्यात जोडीची पाटी. प्रत्येकाने आपले उत्तर काढायचे, त्याची जोडी शोधायची आणि ती पाटी ज्याच्या गळ्यात आहे त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. 'नऊ-शून्य'चे उत्तर ८९९१, त्याचा हात 'आठ-एक'वर. 'आठ-एक'चे ८०८२, हात 'आठ-सहा'वर. 'आठ-सहा'चे ८५३२, हात 'सहा-दोन'वर. 'सहा-दोन'चे उत्तर ६१७४, त्याची जोडी पुन्हा सहा-दोन, म्हणून त्या मुलाचा हात स्वतःच्याच खांद्यावर. कुठल्याही पोरापासून निघा, फार तर सहा खांदे ओलांडून त्याच्याकडे पोचता. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर वाट सगळ्यात लांब, पुऱ्या सात वजाबाक्यांची. कुणाचा हात चुकला तर साखळी तिथेच तुटते आणि चूक शेजारचाच दाखवतो. परीक्षक लागत नाही, लाल पेनही नाही.

लेखी पेपर त्यानंतर. तीन प्रश्न, दोन तास, आणि कारण लिहिल्याशिवाय गुण नाहीत. तपासायला शिक्षक जोडीने बसवावेत; सूचीत नसलेले उत्तर आले तर दोघांनी मिळून वाचावे. वेळ लागतो. निकाल त्याच संध्याकाळी लागत नाही, पाहुणे खोळंबतात. खोळंबू देत.

पाटीवर शेवटी एक प्रश्न तसाच सोडायचा: पाच अंकी संख्या घेतली तर? खाली पेटी, तिला चीर, आणि उत्तर टाकायला पुढच्या १७ जानेवारीपर्यंत मुदत.