एक, तीन, चार, दोन

बॉनेट उघडलं की आजही माझ्या तोंडून आधी हे चार आकडे निघतात. कोल्हापूरच्या आमच्या घराच्या अंगणात बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी असायची. सगळी गल्ली तिला ‘फियाट’च म्हणायची. नऊ वर्षांची असल्यापासून माझं काम ठरलेलं होतं: बॅटरीचा उजेड धरायचा, मागितलेला पाना द्यायचा आणि बाबा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत वायरी खोचत असताना सिलिंडरांचा क्रम मोठ्यानं म्हणायचा. एक, तीन, चार, दोन. पुढं गाडी माझ्याकडे आली, पाने आले आणि बाबांची एक जाड वहीही आली. घरच्या दुरुस्तीत जे जे बिघडलं ते तिच्यात तारखेनिशी लिहिलेलं आहे, निम्मं बाबांच्या अक्षरात, निम्मं माझ्या. यंत्र कळलं नाही म्हणून झालेलं नुकसान तिच्यात फार कमी सापडतं. आधी करायचं ते नंतर केलं म्हणून झालेलं मात्र पानोपानी आहे.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगून टाकते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पन्नाशीच्या दशकात तिथं फियाट ११०० तयार होऊ लागली, तीच सत्तरीच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली आणि शतक सरता सरता बंद पडली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. मला खरी ओढ आहे ती तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाची, आणि त्यातही ठिणगीची.

बारा व्होल्टच्या बॅटरीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट कुठून येतात, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. कॉइलच्या आत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या तारेची हजारो वेढ्यांची. जाड तारेतून करंट वाहत असतो. सीबी पॉइंट उघडला की तो झटक्यात तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर ते ज्याची पाळी असेल त्या प्लगला पोचवतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं १९१० च्या सुमारास ही रचना बसवली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या गाड्या तिच्यावर चालल्या. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. म्हणजे डाळीच्या दाण्याएवढा तो पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि मिटतो. इतकं साधं आणि इतकं देखणं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

चौदाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटीनं टोपी बदलली. बाबा घरी नव्हते. जुन्या टोपीतल्या चारही वायरी एकदम उपसल्या, नवी टोपी बसवली आणि दोन व तीन नंबरच्या वायरी उलटसुलट खोचल्या. सेल्फ मारला, तर कार्बोरेटरमधून भडका आला आणि पाठोपाठ सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या आजी धावत बाहेर आल्या. माझ्या पापण्या होरपळल्या होत्या. असं का झालं, हे बाबांनी संध्याकाळी कागदावर चित्र काढून दाखवलं. या इंजिनात दोन आणि तीन नंबरचे पिस्टन जोडीनं वरखाली होतात. दोन्ही एकाच वेळी वर असतात, पण तिसऱ्यात दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीची वाट पाहत असतं, तेव्हा दुसऱ्यातला जळका वायू नुकताच बाहेर पडून नवं मिश्रण आत घ्यायचा व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो. ठिणगी तिथं पडली की ज्वाला उघड्या वाटेनं मागं कार्बोरेटरकडे येते. आणि तिसऱ्यातलं न पेटलेलं मिश्रण तसंच सायलेन्सरमध्ये जाऊन तिथं फुटतं. त्या दिवसापासून मी एका वेळी एकच वायर काढते, ती नव्या टोपीत लावते, मगच पुढच्या वायरीला हात लावते. डिस्ट्रिब्युटर उपसायचा असेल, तर आधी रोटरचं तोंड कुठं आहे तिथं खडूनं खूण करते.

पॉइंटांच्या बाबतीत आपल्याकडे रस्त्यावरची एक रीत आहे, ती मला मनापासून नापसंत आहे. गाडी मिसिंग मारायला लागली की काडेपेटीच्या कडेनं पॉइंट घासायचे. गाडी चालू होते, हे खरं. पण त्या कडेला काचेची पूड आणि फॉस्फरस असतो; त्याचा थर पॉइंटावर बसतो आणि ते पुन्हा लवकर जळतात. बारीक कानस फिरवावी, स्वच्छ कोरा कागद मध्ये घालून ओढावा आणि फिलर गेजनं फट मोजावी. आमच्या गाडीला ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी लागते. तरीही पॉइंट महिन्याभरात काळे पडत असतील, तर कंडेन्सर गेलेला असतो. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी उडू नये म्हणून तो चिमुकला डबा उरलेला करंट पोटात घेतो. वहीत बाबांची नोंद आहे: एका उन्हाळ्यात तीन वेळा पॉइंट बदलले, कंडेन्सर एकदाही नाही.

माझ्या हातून झालेलं सगळ्यात महागडं नुकसान प्लगचं. फियाटचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. पोलादी प्लगपुढं ते मऊच. मी प्लग पान्यानंच बसवायला घेतला. तो तिरपा शिरला, जड गेला, मला वाटलं घट्ट बसतोय. तीन फेऱ्यांत आटे गेले. हेड उतरवून उद्यमनगरात नेलं. शिवाजी उद्यमनगर म्हणजे आम्हा कोल्हापूरकरांचं यंत्रांचं माहेर, ओतकामापासून लेथपर्यंत सगळं हाकेच्या अंतरावर. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मोठे आटे पाडून आत बुश बसवला आणि मला जवळ बोलावलं. स्कूटरच्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा घेतला, तो प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकावर चढवला आणि दोन बोटांत धरून आधी उलटा फिरवला. आटे जुळले तिथं बारीकसा ‘टक’ झाला. मग सुलटा फिरवला. “बाळ, हातानं जाईना तर पाना लावायचा न्हाई,” ते म्हणाले. प्लग तिरपा असेल तर रबरी पाइप टोकावर नुसता घसरतो, आट्यांना धक्का लागत नाही. तो तुकडा माझ्या पेटीत अजून आहे, आता कडक झालाय.

गिअर ऑइलची गोष्टही अशीच. गिअरबॉक्स रिकामा करायचा तर खालच्या बोल्टाला हात लावण्याआधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतोय का ते पाहावं. मी खालचा आधी सोडला, सगळं तेल पाटीत उतरलं आणि वरचा बोल्ट गंजून जाम झालेला. चार दिवस गाडी अंगणात उभी राहिली. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह टोक सोडायचं, लावताना ते शेवटी लावायचं, हाही तसाच नियम. निगेटिव्ह आधी सुटलेलं असलं, तर पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तरी काही होत नाही. बाबांच्या तेराच्या पान्याला एक वितळलेला खळगा आहे, तो हा क्रम चुकल्याचा.

जॅकबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, एका मिनिटासाठीही नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, गाडी उचलावी, खाली स्टँड लावावेत आणि काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवावं. एका श्रावणात पावसानं मुरूम भिजला होता. जॅक कलला आणि गाडी खाली आली ती बरोबर सरकवून ठेवलेल्या स्टेपनीवर. बाबांचा हात तेव्हा ड्रमजवळ होता. स्टेपनी हा शब्द त्या दिवसापासून मला घरच्या माणसासारखा वाटतो. तो आलाय कुठून, तर वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. गाड्यांना जादा चाक मिळत नव्हतं त्या काळात, १९०४ च्या सुमारास, तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावर तात्पुरतं चढवायचं चाक विकायला काढलं. इंग्लंडात तो शब्द विस्मरणात गेला, आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या पाटीवर रोज दिसतो.

ब्रेकवर घरी प्रयोग करू नये, या मतावर मी वहीतल्या एका पानामुळे आले. चाकातल्या ब्रेक सिलिंडरचे रबरी कप बाबांनी पेट्रोलनं धुतले. पेट्रोलनं ते रबर फुगतं. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या वाटेवर ब्रेक चिकटून राहिले आणि ड्रममधून धूर निघाला. ते कप ब्रेक ऑइलनंच पुसायचे. ब्रेक ऑइलही अर्धवट वापरलेल्या जुन्या डब्यातलं ओतू नये, कारण ते हवेतली वाफ शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० अंशांच्या आसपासच. आंबा घाट उतरताना ड्रम तापतात, ऑइल उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतं आत जातं.

आता अनेक जण सांगतात, पॉइंट काढून टाक, इलेक्ट्रॉनिक किट बसव. ते चांगलं असतं, मी वापरून पाहिलंय. चार महिन्यांनी काढून ठेवलं. बिघडलं तर त्यात उघडून पाहण्यासारखं काही नव्हतं.

खंडेनवमीला पाने रॉकेलनं धुऊन पाटावर मांडायचे, ही बाबांची रीत मी पाळते. यंदा त्याच सकाळी टायमिंगही लावलं. कॉइलच्या पॉइंटाकडच्या टोकाला बारा व्होल्टचा बल्ब जोडला, त्याची दुसरी वायर बॉडीला, चावी फिरवली. पॉइंट मिटलेले असेपर्यंत बल्ब विझलेला राहतो. भाची पुढच्या पुलीच्या खुणेकडे बघत होती. मी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, अजून केसभर. बल्ब लागला. “आत्ते, थांब,” ती म्हणाली, “बरोब्बर खुणेवर.” मी बोल्ट आवळला.