म्हैस पान्हा का चोरते?

शहरात कुत्रं चावायला लागलं, रात्रभर भुंकायला लागलं, की लोक आता वर्तनतज्ज्ञाला बोलावतात. तो येतो आणि आधी घर बघतो. कुत्र्याला कुठं बांधतात, कोण ओरडतं, काही दुखतंय का. आपल्या गोठ्यात कुणी असा तज्ज्ञ येत नाही. आणि बचत गटाच्या कर्जावर घेतलेली म्हैस लाथ मारायला लागली तर हप्ता काही थांबत नाही. म्हणून आज त्याच नजरेनं आपण आपल्या म्हशीकडं बघूया.

म्हशीच्या कासेत शंभर भाग दूध असलं, तर त्यातलं जेमतेम पाच भाग सडाच्या वरच्या पोकळीत आलेलं असतं. बाकीचं वर, बारीक बारीक पिशव्यांत. गाईचं यापेक्षा बरंच जास्त खाली उतरलेलं असतं, म्हणून गाय लवकर धार देते. रेडकू ढुसण्या देतं, सडाला हात लागतो, तेव्हा मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात सुटतो. त्यानं पिशव्या आवळतात आणि पान्हा येतो. म्हशीला त्याला दोनेक मिनिटं लागतात. ती भ्याली किंवा दुखावली, की अ‍ॅड्रेनॅलिन हा दुसरा रस सुटतो आणि पान्हा अडतो. काठी हाणून धारेला बसणं म्हणजे आपल्याच हातानं कासेला कुलूप घालणं.

लाथेमागं बऱ्याचदा दुखणं असतं. सडाला चीर, गोचीड, आपली वाढलेली नखं, अंगठा मुडपून सड ओढायची सवय. धारेत गाठी आल्या, कास गरम नि कडक लागली, तर ती दगडी. तिथं घरगुती उपायात दिवस घालवू नका. पहिलारू म्हशीची गोष्ट वेगळी. तिला कासेला हात लागणंच नवीन असतं. व्यायच्या आधी महिनाभर रोज पाठीवरून, मांडीवरून कासेपर्यंत हात फिरवा. सड मात्र पिळायचे नाहीत.

मालकीण माहेरी गेली म्हणून घरधन्यानं तिचं लुगडं गुंडाळून धार काढली, असं तुम्हीही ऐकलं असेल. हसायची गोष्ट आहे खरी, पण म्हशीला वास, आवाज आणि हात ओळखीचा लागतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर बघा. भर रस्त्यात, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, गिऱ्हाइकासमोर म्हशी धार देतात. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस यासाठी नावाजलेली आहेच, पण माणूस तोच, वेळ तीच, हाकही तीच, हेही तितकंच खरं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं पळतात, त्याही रोजच्या सवयीवरच.

मग करायचं काय? वेळ आणि जागा ठरलेली ठेवा. आंबोण पुढं ठेवा, कोमट पाण्यानं कास धुवा, पान्हा येईपर्यंत थांबा. आला की पूर्ण मुठीनं पाच-सात मिनिटांत धार संपवा, मध्ये उठू नका. रेडकू दगावलं असेल तर काही दिवस दूध कमी येईल. तेव्हा आंबोणाच्या घमेल्याचा आवाज हीच तिची खूण होऊ द्या.

पान्ह्याच्या सुईबद्दल मात्र आम्ही स्पष्ट सांगतो. कुणी चोरून आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. ऑक्सिटोसिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि दुधासाठी जनावराला अपायकारक सुई टोचणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय रोज सुई दिली, की म्हैस पुढं सुईशिवाय पान्हाच सोडेनाशी होते.

जनावरांच्या डॉक्टरांसाठी 1962 हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. डॉक्टर आले की एवढं सांगा: लाथ कधीपासून मारते, कुठला सड धरल्यावर मारते, त्या दिवशी धारेला कोण बसलं होतं, आणि त्या आठवड्यात गोठ्यात काय बदललं.