लेखिका आणि संपादिका

संपादक म्हणजे शुद्धलेखन तपासणारा कारकून, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानच्या हार्पर ली यांनीं १९५७ सालीं आपली पहिली कादंबरी प्रकाशकाकडे धाडिली. तेथील संपादिका टे होहॉफ यांस तींतील नायिकेच्या बालपणाच्या आठवणीच विशेष सजीव वाटल्या. तेव्हां त्या बालपणाचीच कथा नव्यानें लिहावी, असें त्यांनीं सुचविलें. लिहून झालेलें बाजूस सारणें किती जिवावर येतें, हें निबंध पुन्हा लिहावा लागलेले आमचे विद्यार्थी जाणतातच! लीबाई दोनएक वर्षें खपल्या. १९६० सालीं ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ निघाली. पुढील वर्षीं तीस पुलित्झर पारितोषिक मिळालें. मूळची कादंबरीही २०१५ सालीं छापली गेली. तींत नायिका २६ वर्षांची आहे. नव्या कथेच्या आरंभीं तिला पुरतीं ६ वर्षेंही झालेलीं नाहींत.